आमची वाटचाल: सुतळी ते चोर-स्लॅब

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचं ग्रिल-गेटचं वर्कशॉप होतं. २००८ साली मी त्यात उतरलो तेव्हा आमच्याकडे एक वेल्डिंग मशीन, एक कटर आणि भरपूर उधारी होती. पुढे स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगची हवा आली तसं आर्गन वेल्डिंग शिकलो, बफिंगला, म्हणजे पॉलिश करायला, माणूस ठेवला. बंगल्यांचे जिने केले, दवाखान्यांचे केले. त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

दणका बसला तो एका कॉलेजच्या खुल्या रंगमंचावर. बसायचे टप्पे ४५० मिलिमीटर उंच आणि ९०० खोल. मधल्या चढायच्या वाटेवर प्रत्येक टप्प्याच्या तीन पायऱ्या, १५० उंच आणि ३०० रुंद. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत अशा गर्दीच्या जागांसाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १५० आणि रुंदी कमीत कमी ३०० सांगितली आहे, म्हणजे ड्रॉइंग अगदी बिनचूक. ढाळ साडेसव्वीस अंशांचा निघाला. त्याच कोनात पाइप कापले, खांब जोडले, बफिंगसुद्धा उरकून सगळं टेम्पोत घातलं.

पहिले दोन टप्पे झकास बसले. तिसऱ्यावर खांब बोटभर हवेत. पाचव्यावर खांब आखूड करावा तर वरचा पाइप जागेवर येईना. काँक्रीट कुठे ४३० भरलं होतं, कुठे ४७०. बोल कुणाला लावणार? टेप न लावता कागदावर माल कापला तो आम्हीच.

आमचे वेल्डर मामा शांतपणे म्हणाले, "मालक, आधी सुतळी धरली असती तर कळलं असतं की." मग वरच्या पायरीच्या नाकापासून, म्हणजे पुढच्या कडेपासून, खालच्या पायरीच्या नाकापर्यंत सुतळी ताणली. काही नाकं सुतळीला टेकत होती, काही खाली राहत होती. रेलिंगचे सगळे जोड पुन्हा तोडून केले. त्या कामात आम्ही पैसे घालून आलो.

त्यानंतर सिव्हिल डिप्लोमा झालेली एक मुलगी कामाला घेतली आणि रेव्हिट आणलं, म्हणजे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! जिन्यावर रेलिंग टाका, लगेच चढतं. पण हे टप्पे म्हणजे वेगवेगळ्या उंचीचे स्लॅब. रेलिंग एकाच स्लॅबला धरून बसायचं आणि पुढे सरळ आडवं जायचं, चढाच्या बाजूला काँक्रीटच्या पोटात आणि उताराच्या बाजूला अधांतरी. मामांनी स्क्रीनकडे बघून विचारलं, "ह्याला पायरी दिसत न्हाई व्हय?"

पहिला उपाय म्हणजे टप्प्यांवर तेवढ्याच मापाचा खोटा जिना बसवायचा आणि रेलिंग त्याला धरायला लावायचं. पायऱ्या सारख्या असतील तर हे उत्तम. पण रेव्हिटमधला जिना सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या धरतो आणि आमच्या साइटवर तसं कधीच नसतं. मग तिनेच शोधलं: एक पातळ स्लॅब काढायचा, त्यावर प्रत्येक नाकाच्या जागी बिंदू द्यायचा, साइटवर मोजलेली उंची त्या बिंदूला घालायची आणि रेलिंग त्या वाकड्यातिकड्या स्लॅबवर बसवायचं. रेलिंग ढाळाबरोबर वळतं, खांब मात्र ओळंब्यात उभे राहतात. शेवटी स्लॅब लपवायचा. म्हणजे मामांची सुतळीच, फक्त काँक्रीटची! वर्कशॉपमध्ये त्याचं नाव पडलं चोर-स्लॅब.

कोकणात एका देवळाच्या जांभ्याच्या पायऱ्या केल्या तेव्हा ह्याचा खरा कस लागला. शेजारशेजारच्या दोन पायऱ्या सारख्या नव्हत्या. दोन दिवस नुसतं मोजणं चाललं. पाइपही नेहमीच्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा न घेता ३१६ चा घेतला, खाऱ्या हवेत ३०४ वर लवकर तांबूस डाग पडतात. एक खांब सोडला तर सगळे पहिल्या फटक्यात बसले. तो एक मी स्वतः मोजला होता.

एकदा मात्र चोर-स्लॅबनंच पकडून दिलं. मॉडेल आम्ही ठेकेदाराकडे पाठवलं आणि त्याचा फोन आला, "मालक, हे जादा काँक्रीट कुठलं?" लपवलेली वस्तू नजरेआड होते, पण रेव्हिट मालाचा जो तक्ता काढतं त्यात ती मोजली जातेच. तेव्हापासून त्या स्लॅबच्या प्रकाराच्या नावातच 'चोर' लिहितो आणि त्या नावानं तो तक्त्यातून गाळतो. पुढच्या कामाला पुन्हा फोन आला, "अहो, ह्यात चोर कोण?"