हे उघड आहे

स्मरणिकेसाठी लेख द्या म्हणून शाळेतून फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. "मॅडम, आठशे शब्दांपर्यंत. शाळेने तुम्हाला काय दिलं ते लिहा," पलीकडचा मुलगा म्हणाला. तो मुलगा म्हणजे शाळेतले आजचे शिक्षक असणार, पण या वयात मला सगळेच मुलगे वाटतात. हो म्हणून टाकलं. आठशेत भागणार नाही हे तेव्हाच कळत होतं. संपादक मंडळाने खुशाल कात्री चालवावी, फक्त त्या पायरीवरच्या सकाळीला हात लावू नये.

संस्कृतचे सर, पीटीचे सर, गॅदरिंगची धमाल, घाटावरचं वनभोजन, यावर बाकीचे लिहितीलच. मी बाईंवर लिहिणार आहे. आपल्या शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की भूमितीच्या बाई. नाव लिहीत नाही. गेल्या गणपतीत वाईला गेले होते तेव्हा भेटले, तर "माझं नाव छापलंस तर बघ" असा दम मिळाला. बाई आता ८६ वर्षांच्या आहेत, दम मात्र तोच आहे.

आमच्या वेळी शिष्यवृत्ती परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची. मला दोन्ही मिळाल्या. आमचे आबा वाईच्या गंगापुरीतल्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमची पोर पुस्तक उघडत नाही, तरी पहिली येते." गिऱ्हाईक माझ्याकडे कौतुकाने बघायचं आणि मी आणखी एक दिवस पुस्तक उघडायची नाही. त्यात माझाही दोष नव्हता. पुस्तक न उघडणं हाच माझा पराक्रम होता. उघडलं असतं तर तो गेला असता.

मग आठवीत बीजगणितात अवयव पाडायचे आले. वर्गात फळ्यावर बघताना सगळं कळायचं, घरी एकटीने वही घेतली की दुसऱ्याच ओळीला अडायचं. याआधी मी कधी अडलेच नव्हते, त्यामुळे अडल्यावर काय करतात हे मला माहीतच नव्हतं. बाकीच्या मुली पुन्हा करून बघायच्या, ताईला विचारायच्या, गाईड उघडायच्या. मी वही मिटायची. वर्गात म्हणायची, "मी काही केलंच नाही बाई, कंटाळा आला." आळशी म्हणवून घेणं परवडायचं. 'हिला येत नाही' हे परवडलं नसतं. प्रगतिपुस्तकात तीन सत्रं एकच शेरा आहे, 'हुशार आहे, पण अभ्यासात लक्ष नाही.' आबांनी त्यातला पहिलाच अर्धा भाग वाचला.

नववीच्या सहामाहीला, म्हणजे १९८१ च्या ऑक्टोबरात, भूमितीत ५० पैकी १७ पडले. नापास! पेपर हातात आला तो दिवस मला वासासकट आठवतो. समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय होतं, समान बाजूंसमोरचे कोन एकरूप असतात ते. पक्ष लिहिला होता, साध्य लिहिलं होतं, आकृती सुबक होती. रचना नाही. सिद्धतेच्या जागी मी एकच ओळ लिहिली होती: 'आकृतीवरून हे उघड आहे.' शेजारी समासात बाईंच्या लाल शाईत एकच शब्द होता.

'कोणाला?'

मी तो पेपर घरी नेलाच नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंनी सकाळचा अभ्यासवर्ग सुरू केला. साडेसहा ते आठ, मागच्या इमारतीतल्या कोपऱ्यातल्या खोलीत. (तीच, जिथे पुढे प्रयोगशाळेचं सामान भरलं आणि आता दुचाकी लागतात.) बारा जणं निवडली. चौघं आम्ही शिष्यवृत्तीवाले, घसरणीला लागलेले. बाकी आठ जण कधी पहिल्या दहांत न आलेले. आम्हा चौघांना हा अपमानच वाटला. त्यात बाईंनी खोलीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "तू उघडायचीस." मला वाटलं, चला, निदान मॉनिटर तरी केलं. किल्ली सुतळीच्या लांब तुकड्याला बांधलेली होती, ती मी गळ्यात घालून मिरवलीसुद्धा. डुप्लिकेट किल्ली नाही, हे दोन दिवसांनी कळलं.

त्या वर्गात बाई शिकवत नसत, हे नव्या विद्यार्थ्यांना खरं वाटणार नाही. त्या वह्या तपासत बसत. आम्ही काय करायचं ते ठरलेलं होतं. प्रमेय एकदा वाचायचं, पुस्तक मिटायचं, दप्तरात घालायचं, आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं. अडलं तर ती ओळ रिकामी सोडून पुढे जायचं. शेवटाला पोचल्यावर पुस्तक काढायचं, आणि फक्त रिकाम्या ओळी लाल पेन्सिलीने भरायच्या. दुसऱ्या दिवशी तेच प्रमेय पुन्हा. शनिवारी पुन्हा. पंधरा दिवसांनी, आपण विसरलो असं वाटायला लागलं की पुन्हा. दर वेळी लाल ओळी मोजायच्या. बाई बरोबर ओळींकडे ढुंकूनही बघत नसत. "लाल किती?" एवढंच विचारत. सात लाल म्हटलं तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही, दोन म्हटलं तरी नाही. माझ्यासारखीला हे भयंकर होतं. कौतुक करायला आणि रागवायला मिळून एकच चेहरा.

आणि रोज एकाने फळ्यावर यायचं. पुस्तकाशिवाय.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी माझी पाळी होती. थंडी अशी की पसरणीच्या घाटाकडून येणारा वारा स्वेटरमधून आरपार जायचा. मी शाळेत पोचले तेव्हा सव्वासात वाजून गेले होते. सगळ्यांना सांगितलं, "झोप लागली, गजर वाजलाच नाही." बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं ही गोष्ट मी अशीच सांगत आलेय. शाळेच्या मेळाव्यांत सांगितली, माझ्या विद्यार्थ्यांना सांगितली, लोक हसले. खरं असं की गजर साडेपाचला वाजला होता आणि मी टक्क जागी होते. गोधडीत पडून आढ्याकडे बघत होते. फळ्यावर लिहायचं प्रमेय मला येत नव्हतं. आदल्या रात्री पाच लाल ओळी होत्या. आणि गोधडीत माझ्या डोक्यात आलं, किल्ली तर माझ्याकडे आहे. मी गेले नाही तर वर्गच उघडणार नाही. बारा जणांचा वर्ग मी एकटी बुडवू शकते, म्हणजे माझी पाळी टळली.

हे बाईंना आजवर सांगितलेलं नाही. त्या स्मरणिका भिंग लावून पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतील, तेव्हा कळेल.

शेवटी आईने गोधडी ओढली म्हणून मी गेले. मागच्या इमारतीला वळसा घातला तर दगडी पायरीवर बाई बसलेल्या, अंगावर ती करडी शाल, आणि भोवती दहा जणं उकिडवी. कुणाचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. मेणवलीहून रोज तीन किलोमीटर चालत येणारी आमची एक वर्गमैत्रीण पुढच्या फरशीवर विटेच्या तुकड्याने त्रिकोण काढून उभी होती. पाय धुळीने पांढरे. घरचं पाणी भरून, भाकरी बांधून ती अंधारातून निघत असे. ही कधी पहिल्या दहांत नव्हती. आणि ती माझं प्रमेय सोडवत होती! शिरोबिंदूतून कोनदुभाजक, ही बाजू पक्षावरून, हा कोन रचनेवरून, ही सामाईक, म्हणून बाजू-कोन-बाजू, बाकोबा. मध्ये एकदा अडली. लाजली नाही, पळाली नाही. विटेचा तुकडा हातात धरून तशीच उभी राहिली, ओठ हलवत. मिनिटभर तरी. बाईंनी सांगितलं नाही. आम्ही अकरा-बारा जणं त्या थंडीत तिच्या आठवण्याची वाट बघत थांबलो. मग तिला आठवलं.

अडलेलं माणूस मी तोवर इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. त्यात बघण्यासारखं काही लाजिरवाणं नव्हतं. ती विचार करत होती, बस.

बाई उठल्या, शाल झटकली, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आलीस? उघड."

मी कुलूप काढलं. वर्ग सुटल्यावर किल्ली टेबलावर ठेवली. आता ती दुसऱ्या कुणाला तरी मिळणार अशी खात्री होती, आणि खरं तर सुटका वाटत होती. बाईंनी वहीवरून मान वर न करता ती बोटाने माझ्याकडे सरकवली. "ही मी काय करू? उद्या फळ्यावर तू."

मार्च १९८३ च्या दहावीपर्यंत, सुट्ट्या सोडून, मी ती खोली एकदाही उशिरा उघडली नाही. यात माझी जिद्द वगैरे नव्हती. मेणवलीचे धुळीने पांढरे पाय डोळ्यांसमोर यायचे, एवढंच. स्वतःसाठी उठायला मला कधीच जमलं नसतं, अजूनही जमत नाही. उठल्यावर मात्र दुसरं करण्यासारखं काही नसायचं, म्हणून अभ्यास व्हायचा.

मी बोर्डात आले नाही, म्हणजे बोर्डाच्या गुणवत्ता यादीत माझं नाव लागलं नाही. तेव्हा सातारा जिल्हा पुणे बोर्डात होता, आणि गुणवत्ता यादी म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगून कळणार नाही. मला ७०० पैकी ५७३ पडले. आबा दोन दिवस दुकानात गप्प होते. बाईंनी निकाल ऐकून विचारलं, "मेणवलीचीला भूमितीत किती?" माझ्यापेक्षा दोन जास्त होते. बाईंना मी हसताना पाहिलं ते तेव्हा.

पुढे पुण्याला बी.एस्सी., मग एम.एस्सी., बी.एड., आणि ३३ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवलं. दोनदा विभागप्रमुख झाले, अकरावीच्या दोन सरावपुस्तिका लिहिल्या, एम.एड. मात्र चाळिशीत केलं. त्या एम.एड.मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ सालचा अभ्यास वाचला आणि मी ग्रंथालयात एकटीच हसले. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. 'हुशार' मुलांनी लवकर हात टेकले, नंतरच्या सोप्या कोड्यांतही ती मागे पडली, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी आपले गुण फुगवून सांगितले. गंगापुरीतलं दुकान अमेरिकेत कसं पोचलं, असं मला झालं. पुढे २००६ चा रोडिगर आणि कार्पिके यांचा प्रयोग वाचनात आला: धडा पुन्हापुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे असतात, मिटून आठवणारे आठवड्यानंतर पुढे जातात. म्हणजे लाल पेन्सिल. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग? पुस्तक दप्तरात घालायला त्यांनी एवढी वर्षं लावली?"

माझ्या अकरावीच्या वर्गांत दर वर्षी पन्नासेक 'मी' असत. दहावीला नव्वदच्या पुढे, आणि ऑगस्टच्या घटक चाचणीत २५ पैकी सहा. "मॅडम, कळतं, पण लिहिता येत नाही." २०२१ ची तुकडी तर परीक्षा न देताच आली होती. बोर्डाची परीक्षा रद्द, निकाल ९९.९५ टक्के. त्या मुलांना कधी अडायलाच मिळालं नव्हतं, त्यात त्यांचा काय दोष? मी त्यांच्यावर लाल पेन्सिल चालवून पाहिली. काहींवर चालली. बाकीचे दुपारी क्लासला जात, तिथे चार पर्यायांत खूण करायची असते. पक्ष नाही, साध्य नाही, 'कोणाला?' विचारणारं कुणी नाही. माझी भाची यंदा दहावीला आहे, हुशार आहे, तिच्या खोलीत टेबल, दिवा, टॅब सगळं आहे. ती उठत नाही. तिच्यासाठी बाहेर थंडीत कुणी थांबलेलं नसतं.

अमृतमहोत्सवानिमित्त नव्या इमारतीत अभ्यासिका होते आहे. तिच्यासाठी मी निवृत्तीच्या पैशांतून थोडी ठेव दिली आहे. सोबतच्या पत्रात एकच अट घातली होती: अभ्यासिकेची किल्ली शिपायाकडे नको, नववीतल्या एका मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावी, आणि डुप्लिकेट करू नये. कार्यालयाचं उत्तर आलं. देणगीबद्दल आभार मानले आहेत, पावती जोडली आहे, आणि 'सीसीटीव्ही व सुरक्षेच्या कारणास्तव किल्लीबाबत विचार करणे शक्य नाही' असं कळवलं आहे.

मी परत पत्र लिहिलं आहे. या वेळी खाली बाईंचीही सही घेतली.