पेनसॉकनमधला पहिला पडदा

आज अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या कॅम्डेनहून परतताना मुद्दाम वाट वाकडी करून पेनसॉकनला गेलो. पेटंट घेतलेले पहिले ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसूनच चित्रपट पाहायचे उघड्यावरचे चित्रपटगृह ६ जून १९३३ रोजी जिथे सुरू झाले, तिथे त्याची एकही खूण मला दिसली नाही आणि मन गलबलून आले.

ते सुरू करणाऱ्या रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी आधी जवळच्या रिव्हर्टनला घराच्या अंगणात प्रयोग केले होते. मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवायचा, झाडांना चादर ठोकायची, पुढच्या चाकांखाली ठोकळे सारून मागच्या गाडीतून चित्र दिसते का ते पाहायचे आणि पावसात काय होईल हे कळावे म्हणून बागेतला फवारा सोडायचा. ही चिकाटी मला त्या पडद्याहूनही मोठी वाटते.

गाडीमागे २५ सेंट आणि माणशी २५ सेंट असा दर होता. मात्र एका गाडीला एका डॉलरहून अधिक पडत नसे, त्यामुळे लेकुरवाळ्या कुटुंबालाही पोरेबाळे घेऊन येता येई. सुमारे ४०० गाड्या मावणारे ते मैदान तीनेक वर्षांतच बंद पडले आणि पुढे न्यायालयात ते पेटंटही टिकले नाही.

पडदा कोणत्या बाजूला असेल याचा अंदाज घेत मी बराच वेळ गाडी कडेला लावून बसलो होतो.