पातेलं हातातून सुटलं तेव्हा

फेब्रुवारीतली गोष्ट. आईनं हाक मारली, "अरे, दूध उतू चाललंय, उतरव जरा." मी पकडीनं पातेल्याची कड धरली, उचललं, आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूपासून मनगटापर्यंत अशी कळ गेली की बोटं आपोआप सैल पडली. दीड लिटर दूध कट्ट्यावर. आई ओरडली नाही, माझ्या हाताकडं बघत राहिली. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मी व्हॅलोरंट हा कॉम्प्युटरवरचा नेमबाजीचा गेम खेळतो, टीममध्ये, स्पर्धांसाठी. रोज पाच-सहा तास स्क्रिम, म्हणजे दुसऱ्या टीमशी सरावाचे सामने, त्याआधी तासभर एमची, म्हणजे नेमाची, प्रॅक्टिस. चार महिने मनगट दुखत होतं आणि मी बाम चोळून, पट्टा बांधून खेळत होतो. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड ठीक निघालं, "गेम बंद कर" म्हणून सांगितलं. दिवसभर टायपिंग करणाऱ्याला कुणी नोकरी सोड म्हणत नाही. ते मला फार लागलं.

मग मैत्रिणीनं एका फिजिओथेरपिस्ट ताईंचं नाव सुचवलं. त्यांनी खुर्चीत बसवलं, कोपर काटकोनात, अंगालगत, आणि हातात डायनॅमोमीटर दिला. मूठ आवळली की काटा किलोत जोर दाखवतो. तीनदा दाबून सरासरी काढतात. डावा हात 36, उजवा 29. मी उजव्या हाताचा आहे! मग म्हणाल्या, "आता दुखायला लागेल तिथंच थांब." काटा 17 वर थांबला. मी बराच वेळ त्या आकड्याकडं बघत होतो.

त्यांनी जे समजावलं ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. बोटं आवळणारे मोठे स्नायू पंजात नसतात, कोपराखालच्या हातात असतात; मनगटातून पुढं जातात त्या त्यांच्या दोऱ्या. आणि मूठ घट्ट बसायची तर मनगट किंचित वर उचललेलं लागतं. ते उचलून धरायचं काम हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू करतात. आत्ता करून बघा: मनगट तळव्याकडं पूर्ण वाकवा आणि मूठ आवळा. जोरच लागत नाही. माउसवर हेच मागचे स्नायू तासन् तास मनगट तोलून धरतात. ताकद थोडीच लागते, पण सुट्टी नाही. मी तर पकड कमजोर झाली म्हणून स्प्रिंगचा ग्रिपर आणून रोज शंभरदा दाबत होतो. दुखऱ्या जागेवरच आणखी ओझं टाकत होतो.

आमचे आजोबा कोल्हापूरच्या तालमीतले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तुमी रोज नुसत्या कुस्त्याच धरता. मेहनत कधी करता?" तालमीत जोर-बैठका म्हणजे मेहनत, आणि ती केल्याशिवाय लाल मातीत कुणी उतरवत नाही. आमच्याकडं मेहनत हा भागच नाही. टीममध्ये दुखतंय म्हटलं तर गोळी घे म्हणतात, आणि जागा जाईल या भीतीनं पोरं बोलतच नाहीत.

डोटा या गेमचा खेळाडू क्लिंटन लूमिस, 'फिअर', 2014 चं 'इंटरनॅशनल', म्हणजे डोटाची जागतिक स्पर्धा, हाताच्या दुखापतीमुळं खेळू शकला नव्हता. 2015 मध्ये त्याच टीमबरोबर सिएटलला तो ते जिंकला. लीग ऑफ लेजंड्स हा गेम खेळणारा चीनचा 'उझी' 2020 मध्ये निवृत्त झाला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. मधुमेह होता, हातही दुखावला होता. मी बावीस वर्षांचा आहे.

सध्या एक दिवसाआड अर्ध्या लिटरची भरलेली बाटली घेऊन बसतो. हात टेबलावर, तळवा खाली, पंजा कडेबाहेर. डाव्या हाताच्या मदतीनं मनगट वर घ्यायचं आणि उजव्यानं एकट्यानं सावकाश खाली सोडायचं. पंधरा वेळा, तीनदा. माउसची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे हात हलवला की नेम किती सरकतो ते, कमी केली; आता मनगटाऐवजी अख्खा हात फिरतो. पहिले तीन आठवडे एम पार बिघडला, तेव्हा रडायला आलं होतं. स्क्रिम तीनच, मध्ये दहा मिनिटं हात मोकळा. गेल्या महिन्यात उजवा 34 आला, न दुखता 28.

टीममध्ये सतरा वर्षांचा एक पोरगा आहे. परवा बघितलं, प्रत्येक राउंडनंतर तो माउस सोडून हात झटकत होता. विचारलं तर म्हणाला, "काही नाही दादा, मुंग्या येतात थोड्या." त्याच्या आईशी फोनवर बोललोय. रविवारी मी त्याला ताईंकडं घेऊन जाणार आहे.