मसाका ते नामुगोंगो, पायी

युगांडात श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या रक्तसाक्ष्यांचं तीर्थ म्हणजे नामुगोंगो, तिकडे आम्ही पायी निघालो होतो. लुकाया मागे पडलं आणि ल्वेराची दलदल सुरू झाली. दोन्ही अंगांना पपायरस, मध्ये तापलेला डांबरी रस्ता आणि कंपालाकडे धावणारे ट्रक. सावली कुठेच नाही. डाव्या टाचेचा फोड फुटून मोजा जखमेला चिकटला होता. पुढे लुगांडात, म्हणजे तिथल्या भाषेत, रोझरी चालली होती, माझ्या तोंडी वसईची मराठी. नमो मरिया म्हणता म्हणता राग येत होता.

राग आमच्या जथ्याच्या प्रमुखांचा. सकाळी गाडीतून आले, "मागे राहू नका" म्हणाले, निघून गेले. आमचे म्हातारे कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षक, मात्र सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्याही मागे. एका शब्दानं घाई केली नाही त्यांनी.

कायाब्वेला विषुववृत्त ओलांडलं. कधी, ते कळलंही नाही.

बुवामाच्या अलीकडे एका घरापुढे एक जज्जा बसली होती. तिकडे आजीला जज्जा म्हणतात. "कुलिकायो," म्हणाली, वाटेनं आलेल्याचं स्वागत असंच करतात. माझं लंगडणं पाहून उठली. पिवळ्या जेरीकॅनमधलं पाणी तपेल्यात ओतलं, मीठ टाकलं. मी मोजा ओढायला गेलो तर हात बाजूला केला. आधी भिजू दिला, मग दोन बोटांनी कडेकडेनं सोडवत आणला. मी पाय मागे घेतला, तिनं परत पुढे ओढला. पवित्र गुरुवारी फादरांना पाय धुताना दरवर्षी पाहतो. इतका अवघडलो कधी नव्हतो.

ती अँग्लिकन, म्हणजे प्रॉटेस्टंट निघाली; मी कॅथलिक. "तुमचे २२, आमचे २३," बोटं मोजत म्हणाली. रक्तसाक्ष्यांचा हिशेब.

रात्री झोप नव्हती, मुकासा आठवत राहिला. १८८५ मध्ये इथल्या बुगांडाच्या म्वांगा राजानं बिशप हॅनिंग्टनना मारवलं. हॅनिंग्टन अँग्लिकन. जोसेफ मुकासा कॅथलिक, राजाच्याच महालातला. त्यानं राजाला तोंडावर सांगितलं की हे पाप आहे, आणि १५ नोव्हेंबरला त्याचं शिर गेलं. महालातली पोरं मग चार्ल्स ल्वांगानं सांभाळली. शिक्षा सुनावली जाण्याच्या आदल्या रात्री मुन्योन्योला त्यानं चौघांना बाप्तिस्मा दिला. त्यांतला किझितो चौदाएक वर्षांचा. पोरांना बांधून नामुगोंगोकडे चालवत नेलं. ३ जून १८८६. ल्वांगाला आधी, वेगळा, पायांपासून हळूहळू जाळला असं सांगतात. इथं आलं की माझी प्रार्थना अडते.

मग म्पिगी, क्येंगेरा, कंपाला. पाऊस, चिखल, गाणी, कुणीतरी दिलेला भाजलेला गोंजा, म्हणजे तिथलं मोठं केळं. दिवस एकमेकांत मिसळले.

नामुगोंगोला बॅसिलिकेचे तांब्याचे बावीस खांब दिसले आणि मी रडलो. तळ्याकाठी माणूसच माणूस, केनियाचे, टांझानियाचे. आमचे प्रमुख हात जोडून पुढच्या रांगेत उभे होते. त्यांच्यावरचा राग शोधला, सापडला नाही.

मिस्साची घंटा झाली तरी मी फाटकापाशीच थांबलो. आमच्यातल्या दोघी अजून वाटेत होत्या, म्हणजे कॅटेकिस्टही वाटेतच होते.