खळ्यापर्यंत ऐकू येणारा रेडिओ

"आवाज गोड आहे हो, पण हा लांबून बोलतोय," काकू म्हणाल्या आणि रेडिओ न घेताच परत गेल्या. सहा-सात वर्षं झाली असतील.

पाच व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) आणि केंद्र जोरात लागलं की मिटणारा हिरवा डोळा असलेला तो सेट देवगडच्या त्यांच्या माहेरच्या घरातून पुण्याला माझ्याकडे आला होता. त्यावर मी तीन आठवडे खर्ची घातले होते. कागदी कंडेन्सर एकूण एक बदलले, फिल्टरचे बदलले, किंमत वाढलेले रेझिस्टर काढले, डायलची दोरी नवी ओवली, लाकडाला हाताने पॉलिश केलं. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर बरोबर लागत होतं. बाकी शहरात एलईडी दिव्यांची आणि चार्जरची खरखर असतेच, जुन्या सेटवर एवढंच यायचं, असं मी त्यांना समजावलंही. त्यावर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एरियलची तार माडाला बांधलेली होती. ओटीवर रेडिओ लावला की बाबांना खळ्यात ऐकू यायचा. आणि तिथे कुठलं केंद्र होतं जवळ?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्याचा ट्रान्समीटर १०० किलोवॅटचा. गावातल्या गावात एवढ्या ताकदीच्या केंद्रावर डोळा गच्च मिटायला हवा, आणि इथे तो जेमतेम पापणी हलवत होता. हे मला आधीच खुपायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सेट उघडला. फोन ग्रामोफोनच्या सॉकेटला जोडला, तर स्पीकर दणकून वाजला. म्हणजे आवाज मोठा करणारा पुढचा भाग ठीक. केंद्राचा सिग्नल ४५५ किलोहर्ट्झवर आणणाऱ्या ईसीएच ८१ या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर सिग्नल जनरेटरमधून थेट ४५५ किलोहर्ट्झ सोडले, डोळा झटकन मिटला. म्हणजे तो सिग्नल वाढवणारा आयएफ भागही ठीक. तरी ईसीएच ८१ बदलून पाहिला, व्होल्टेज पुन्हा मोजले. एव्हीसीच्या, म्हणजे आवाज आपोआप सांभाळणाऱ्या, लाइनवरचा कंडेन्सर गळत असेल म्हणून तोही सोडवून तपासला. यात दुपार गेली.

संध्याकाळी शॉर्ट वेव्हची कळ दाबली. आता तिथे ऐकण्यासारखं फार उरलेलं नाही, म्हणून इतके दिवस मी तिकडे फिरकलोच नव्हतो. पण केंद्रं खणखणीत लागत होती! व्हॉल्व्ह तेच, आयएफ तेच. मीडियम वेव्हची केंद्रंही डायलवर आपापल्या जागी लागत होती, त्यामुळे ती जागा ठरवणाऱ्या ऑसिलेटरवर संशय घ्यायला जागा नव्हती. कळीचे संपर्क मी स्वतः साफ केले होते. उरली फक्त एरियलचा सिग्नल सेटमध्ये घेणारी मीडियम वेव्हची एरियल कॉइल.

गच्चीवरून आलेली तार सॉकेटमधून काढली आणि ५० पिकोफॅरडच्या कंडेन्सरमधून कॉइलचं पहिलं वेटोळं टाळून थेट गँगच्या (केंद्र लावायच्या फिरत्या कंडेन्सरच्या) एरियलकडच्या भागाला टेकवली. पुणे केंद्र असं काही आदळलं की मी दचकून मागे सरकलो.

प्लग काढून, फिल्टर डिस्चार्ज करून कॉइलवर मीटर लावला. सेटकडचं वेटोळं, म्हणजे सेकंडरी, साडेतीन ओहम; एरियलकडचं, म्हणजे प्रायमरी, पूर्ण ओपन, म्हणजे तुटलेलं. या दोषाने फसायला होतं ते असं: प्रायमरी तुटली तरी दोन्ही वेटोळी एकमेकांना इतकी खेटून असतात की थोडा सिग्नल पलीकडे झिरपतोच. सेट मुका झाला असता तर पहिल्याच दिवशी मी तिथे पोचलो असतो. तो बोलत होता, म्हणून कॉइलचं नावही मनात आलं नाही.

भिंग घेतलं. पुठ्ठ्याच्या नळीवर मधाच्या पोळ्यासारखं विणलेलं वेटोळं, वर पिवळं पडलेलं मेण. केसापेक्षा बारीक तार जिथे टॅगला, म्हणजे जोडणीच्या पत्रीला, डाग दिलेली होती, तिथे मोहरीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका. कोकणातली खारी, दमट हवा वर्षानुवर्षं तांबं खात बसली होती. तार तिथेच तुटलेली, पण मेणाने जागच्या जागी धरून ठेवलेली. नुसत्या डोळ्यांना ती अखंडच दिसत होती.

मेण जरा ऊब देऊन मऊ केलं आणि अर्धा फेरा सोडवून घेतला. अशा तारेला कात्री किंवा ब्लेड लावायची माझी हिंमत होत नाही. तापल्या सोल्डरच्या थेंबात टोक धरून इनॅमल जाळलं, कथिल धरलं, टॅग खरवडून डाग दिला. मीटरवर सव्वीस ओहम आले. वर मेणबत्तीचं मेण सोडलं आणि डायलच्या वरच्या टोकाला ट्रिमर (छोटा जुळवायचा कंडेन्सर), खालच्या टोकाला कॉइलचा गाभा पुन्हा जुळवला. आता पुण्यावर डोळा मिटला. अंधार पडल्यावर डायलवर पावलापावलाला केंद्रं भेटू लागली.

काकूंना फोन केला. आल्या त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. मी पुणे केंद्र लावलं, तशा त्या दुकानाबाहेर पडल्या, जिना उतरल्या आणि थेट अंगणात गेल्या. मी आवाजाच्या मुठीला हात लावला नाही.

खालून हाक आली, "येतोय हो, इथपर्यंत येतोय."