विल-चेंज: एकाच ठिकाणी ठेवलं, बाकी सगळं काढलं

एका ऑनलाइन दुकानाच्या साइटची तक्रार होती की बाजूने येणारा मेनू स्वस्तातल्या अँड्रॉइडवर अडखळत उघडतो. माझ्या लॅपटॉपवर मात्र तो झकास चालायचा. म्हणून क्रोमच्या परफॉर्मन्स पॅनलमध्ये सीपीयू ६ पट मंद केला आणि रेकॉर्डिंग घेतलं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. इथे तर दर फ्रेमला जांभळ्या पट्टीत लेआउट (घटकांच्या जागा मोजणं), पाठोपाठ हिरव्या पट्टीत पेंट (ते रंगवणं). मेनू सीएसएसमधलं (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतलं) 'लेफ्ट', म्हणजे डावीकडचं अंतर, बदलून सरकवला होता आणि त्याने दर वेळी जागा नव्याने मोजाव्या लागतात, मग दुसरं काय होणार!

'लेफ्ट' काढून 'ट्रान्सफॉर्म' घातला, जो लेआउट न छेडता घटक सरकवतो, आणि बहुतेक रडगाणं तिथेच संपलं. उरला तो उघडतानाचा पहिला झटका, कारण मेनूचा वेगळा लेयर (स्वतंत्र रंगवून ठेवलेला थर) ब्राउझर ऐनवेळी तयार करत होता. 'विल-चेंज: ट्रान्सफॉर्म' खरं तर एवढ्यासाठीच आहे: हे हलणार आहे, तयारीत राहा, असं ब्राउझरला आधी कळवायचं.

पण स्टाइलशीट (साइटची सीएसएस फाइल) चाळली तर हीच ओळ आधीच प्रत्येक प्रॉडक्ट कार्डाला लावलेली! कार्डं तर जागची हलतही नव्हती. लेयर फुकट मिळत नाही. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तरी १०८० बाय १९२० चा एकच लेयर सुमारे ८ एमबी खातो. यादी लांब असली की कमी मेमरीच्या फोनचं काय होत असेल, ते सांगायला नको. कार्डांवरची ओळ सरसकट उडवली आणि यादीचं स्क्रोलिंगही सुधारलं.

मेनूला मात्र बटणावर बोट टेकताच, म्हणजे 'पॉइंटरडाउन'ला, विल-चेंजचा क्लास लावला आणि 'ट्रान्झिशनएंड'ला, म्हणजे सरकणं संपल्याची इव्हेंट आली की, काढला. सरकणं अर्धवट असतानाच रद्द झालं तर त्याची ती इव्हेंट येत नाही, म्हणून रद्द झाल्याचं कळवणारी 'ट्रान्झिशनकॅन्सल'ही ऐकावी लागते.

एवढं करूनही टेस्टिंगमध्ये एक भानगड निघालीच. मेनूतलं 'बंद करा' बटण 'पोझिशन: फिक्स्ड' (स्क्रीनवर एका जागी खिळलेलं) होतं, ते मेनूतल्या यादीबरोबर वर सरकून गायब व्हायला लागलं. ट्रान्सफॉर्म असो की त्याचं विल-चेंज, आतला फिक्स्ड घटक मग स्क्रीनला नाही, त्या डब्याला बांधला जातो. तिथे झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या वर दिसेल तो क्रम) कितीही वाढवा, ढिम्म फरक पडत नाही. शेवटी बटण 'स्टिकी' (स्क्रोल होणाऱ्या डब्याच्या कडेला चिकटून राहणारं) केलं आणि ते जागेवर आलं.