छोटा मायटर सॉ: पंचेचाळीसच्या खाचेवर विसंबू नका

सव्वासात इंची पात्याचा मायटर सॉ (लाकडाला हव्या कोनात आडवा काप देणारी मशीन) एका हाताने उचलून जिना चढता येतो, म्हणून साइटवर तोच जातो. पण हे पातं जेमतेम २ इंच जाडी कापतं. पार्टिशनचे २ × १½ इंची रीप एका दमात होतात. दाराच्या चौकटीचं ४ × २½ इंची सागवान उलटवून दोन्ही बाजूंनी कापावं लागतं. पातं टेबलाशी आणि फेन्सशी (लाकूड टेकवायची मागची उभी पट्टी) काटकोनात नसेल तर ते दोन काप एकमेकांना भेटत नाहीत, मध्ये पायरी पडते.

तपासणी सोपी आहे. कडा समांतर असलेली ४ इंच रुंद प्लायची पट्टी शून्यावर कापा, एक तुकडा पालथा करा आणि दोन्ही तुकडे सरळ कडेला टेकवून कापलेली टोकं भिडवा. दिसेल ती फट चुकीच्या दुप्पट असते. पातं टेबलाशी काटकोनात आहे का, हे पाहायला अशीच, पण २ इंचांपेक्षा कमी रुंद पट्टी उभी धरून कापायची. मशीनचा प्लग काढल्याशिवाय फेन्सच्या स्क्रूला हात लावू नका.

आता ४५ अंशांची खाच, जिथे पातं ठरलेल्या कोनात अडकतं. चार बाजूंच्या फ्रेमला आठ काप लागतात. प्रत्येकात पाव अंश चुकलं तर शेवटच्या कोपऱ्यात २ अंश साठतात. २ इंची पट्टीवर ती फट साधारण अडीच मिलिमीटर, म्हणजे पाऊण सूत. पहिले तीन कोपरे क्लॅम्पने दाबून बसवलेले असतात, म्हणून दोष बिचाऱ्या चौथ्या पट्टीला जातो. भिंतीचं तर विचारूच नका: प्लास्टरचा कोपरा ९२ अंश निघाला तर मशीनच्या स्केलवर काप ४४ चा. आधी बेव्हल गेजने (कोन उतरवून घ्यायचं हत्यार) कोपरा घ्या, त्याचा निम्मा कोन ९० मधून वजा करून स्केलवर लावा आणि दोन टाकाऊ तुकड्यांवर बघा. स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी) आतल्या कोपऱ्यात मायटर, म्हणजे दोन तिरके काप भिडवून जोड, करूच नये, असं माझं ठाम मत. एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत न्या. दुसरीला ४५ चा काप द्या आणि कापलेल्या नक्षीच्या कडेने कोपिंग सॉ (बारीक पात्याची हातकरवत) चालवून मागचं लाकूड काढा. भिंत वाकडी असली तरी जोड मिटतो.

चौकटीला २४ दात्यांचं पातं पुरतं, बीडिंगला (सजावटीच्या बारीक पट्ट्या) ४० ते ६०. सर्क्युलर सॉचं पुढे झुकलेल्या दात्यांचं पातं इथे लावलं की ते लाकूड ओढून घेतं. स्लाइड मशीनमध्ये (जिचं डोकं पुढे-मागे सरकतं) डोकं आधी पुढे ओढा, पूर्ण वेग आल्यावर खाली आणा, मग मागे ढकलत कापा. ओढत कापाल तर पातं लाकडावर चढून अंगावर येतं. ढलप्या खालून आणि फेन्सच्या बाजूने उडतात, म्हणून दर्शनी बाजू वर किंवा स्वतःकडे ठेवा. फेन्सला ६ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) लावली तर त्या जवळपास थांबतात, मात्र या मशीनची आधीच तोकडी रुंदी आणखी घटते.

काप झाल्यावर बटण सोडा आणि पातं थांबल्यावरच वर उचला. नाहीतर सुटा तुकडा दात्यात अडकून उडतो. वीतभरापेक्षा लहान तुकडा हातात धरून कापू नये, तो लांब पट्टीतून काढावा. सगळ्या पट्ट्या एकाच लांबीच्या निघाव्यात म्हणून लावलेल्या स्टॉप ठोकळ्याखाली भुशाला फट ठेवा. भुसा साचला की प्रत्येक पट्टी थोडी आखूड निघत जाते.

पावसाळ्यात दमट सागवानाचे मायटर कितीही घट्ट बसवा, लाकूड सुकलं की रुंदीत आखडतं आणि जोड आतल्या बाजूने उघडतो. फट बाहेरच्या टोकाला दिसली तर लाकूड नंतर फुगलंय, किंवा कोन चुकलाय. एमडीएफची पट्टी असेल तर ती रुंदीत फारशी आखडत-फुगत नाही, म्हणून शंका आधी कोनावरच घ्यावी.